जीएमआरटीचा डेटा आला: विभागात यंत्र घ्यावं की क्लाउडवर जावं?

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर वेळ मिळाला, आठ तासांचं निरीक्षण झालं, आता डेटा उतरवायचा आहे. तो ठेवायचा कुठे आणि त्यावर काम करायचं कशावर, हे ठरवण्याआधी त्याचा आकार स्वतः मांडून बघा.

तिथल्या ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचे दोन ध्रुवीकरणांत ४,०९६ चॅनल (फ्रीक्वेन्सीचे तुकडे), दर ५.४ सेकंदांनी एक नोंद आणि नोंदीतला प्रत्येक आकडा आठ बाइटचा धरला, तर आठ तासांत दीडशे जीबी भरतात. हीच फाइल कासा या रेडिओ डेटाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून काम सुरू केलं की मूळ, मॉडेल आणि दुरुस्त असे तीन रकाने तयार होतात आणि आकार साडेचारशे जीबीवर जातो. दहा रात्री असतील तर साडेचार टीबी. त्यात सेल्फ-कॅलिब्रेशनच्या, म्हणजे बनलेल्या प्रतिमेवरूनच डेटा सुधारण्याच्या, फेऱ्यांमधल्या प्रती आल्या, म्हणून हिशेबाला दहा टीबी धरू.

आता क्लाउडचा दर. अमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात नेहमीच्या साठवणीला महिन्याला जीबीमागे सुमारे २.३ सेंट पडतात, म्हणजे दहा टीबीला २३० डॉलर. डेटा आत न्यायला पैसे लागत नाहीत. बाहेर काढताना मात्र जीबीमागे सुमारे ९ सेंट, म्हणजे तेवढाच डेटा एकदा परत आणायला ९०० डॉलर. जवळजवळ चार महिन्यांचं भाडं एका उतरवण्यात जातं. पहिल्यांदा क्लाउड घेणाऱ्यांचा अंदाज चुकतो तो इथेच, कारण सगळं लक्ष साठवणीच्या दरावर असतं.

रेडिओ प्रतिमांच्या कामात हे जास्त जाणवतं. तिथे तोच डेटा पुन्हापुन्हा वाचावा लागतो: खराब भाग काढा, कॅलिब्रेट करा, प्रतिमा बनवा, पटली नाही तर मागे जा. विद्यार्थी नवा असेल तर या फेऱ्या महिनोन्महिने चालतात आणि चालायलाच हव्यात, काम त्यातूनच कळतं. पण क्लाउडवर प्रत्येक चुकीचं मीटर पडतं आणि मग विद्यार्थी प्रयोग करायला कचरतो. मला हे नुकसान डॉलरपेक्षा मोठं वाटतं. विभागातलं वर्कस्टेशन पाचशे वॅट खात असेल तर दिवसाला १२ युनिट वीज जाते, तेवढाच चालू खर्च. भरपूर रॅम, कामापुरती वेगवान एनव्हीएमई डिस्क आणि साठवायला साध्या मोठ्या डिस्का, एवढं पुरतं. शिवाय आपल्याकडच्या संशोधन अनुदानात उपकरणांसाठी वेगळी तरतूद असते. दर महिन्याला बदलणारं डॉलरमधलं बिल विद्यापीठाच्या लेखा विभागातून मंजूर करून घेणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

पण तुमचा विषय नासाच्या टेस या अंतराळ दुर्बिणीतून परग्रह शोधण्याचा असेल तर उत्तर उलटं आहे. टेसच्या मूळ मोहिमेत दर सेक्टरला, म्हणजे साधारण २७ दिवसांत, वीसएक हजार निवडक ताऱ्यांच्या तेजाची दर दोन मिनिटांनी नोंद झाली. एका ताऱ्याच्या प्रकाशवक्रात, म्हणजे तेजाच्या आलेखात, अधिक्रमण (ग्रह समोरून गेल्याने तेजात येणारी घट) शोधताना दुसऱ्या ताऱ्याची गरज पडत नाही, त्यामुळे काम शंभर यंत्रांना वाटून देता येतं. अशा कामाला स्पॉट पद्धतीची स्वस्त यंत्रं चालतात. कंपनी ती दोन मिनिटांची सूचना देऊन काढून घेते, पण राहिलेले तारे दुसऱ्या यंत्राला द्यायचे, इतकंच. चाळीस तास चालणारं प्रतिमांचं काम असं मध्येच तुटलं तर बहुतेक वेळा पहिल्यापासून करावं लागतं.

टेस, केप्लर आणि हबल या अंतराळ दुर्बिणींचा सार्वजनिक डेटा आधीपासूनच अमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात आहे. म्हणून यंत्रही तिथलंच घ्या. मुंबईचं केंद्र जवळचं वाटतं, पण इथे अंतर मोजायचं ते डेटापासून यंत्रापर्यंत. तुमच्यापर्यंत फक्त निकालाची छोटी फाइल येणार आहे.

चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने तर दोन्ही वाटा जोडल्या आहेत. तिथला ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा रात्रीला सुमारे २० टीबी डेटा देतो. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर एका रात्रीचा डेटा उतरवायला साडेअठरा दिवस लागतील! डेटाचा मोठा साठा आणि त्यावरच्या प्रक्रियेचा एक मोठा भाग कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेकडे आहे. संशोधक ज्या व्यासपीठावर ब्राउझरमधून नोटबुक उघडून काम करतात ते गूगलच्या क्लाउडवर आहे. जून २०२५ मधला पहिला डेटा प्रीव्ह्यू असाच वापरायला मिळाला. वापरणाऱ्यांची गर्दी कमी-जास्त होते, ती क्लाउडला सोसते. कायम राहणारा डोंगर मात्र स्वतःच्या जागेत. ज्यांना या डेटाचा हक्क आहे त्यांनी स्वतःचं काही विकत घेण्याआधी हे व्यासपीठ पुरतंय का ते पाहावं.

तेव्हा रेडिओ प्रतिमांचं काम असेल तर मी यंत्र घेईन. तरीही क्लाउडचं एक छोटं खातं ठेवीन, खर्चाची मर्यादा ओलांडताच ईमेल येईल अशी सूचना पहिल्या दिवशीच लावून. जीएमआरटीचा कच्चा डेटा पुण्यात, ही दुर्बीण चालवणाऱ्या एनसीआरए या संस्थेच्या ऑनलाइन संग्रहात असतो, तो पुन्हा मागता येतो. जपायचं असतं ते आपलं केलेलं: कॅलिब्रेशनच्या सारण्या, फ्लॅगिंगच्या (काढलेल्या खराब भागाच्या) नोंदी, स्क्रिप्ट आणि शेवटच्या प्रतिमा. हे सगळं काही जीबींत मावतं, आणि त्याची क्लाउडवरची दुसरी प्रत महिन्याला एका डॉलरच्या आत राहते.