प्लेस्टेशन २ नव्या टीव्हीला जोडताना : दोन कन्व्हर्टर आणि एक केबल

गेल्या दिवाळीत घरी नवा ४३ इंची टीव्ही आला आणि माळ्यावर ठेवलेला प्लेस्टेशन २ हा सोनीचा जुना गेम कन्सोल पुन्हा खाली उतरला. धाकट्या भावाबरोबर 'क्रिकेट ०७' खेळण्याचा बेत होता. कन्सोलवर हिरवा दिवा लागला, डिस्क फिरू लागली, पण पडदा काळाच राहिला आणि स्पीकरमधून नुसती भुणभुण ऐकू येत राहिली. जवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात 'व्हिडिओ आयसी (चित्र तयार करणारी चिप) गेला आहे' असे निदान झाले आणि दीड हजार रुपयांचा अंदाज मिळाला. सोनीने या कन्सोलचे उत्पादन २०१३ साली थांबवले असल्याने एकदा उघडलेल्या यंत्राला मूळ सुटे भाग मिळतील याची खात्री नव्हती, म्हणून मी तो खर्च लांबणीवर टाकून आधी जोडणी तपासायचे ठरवले. पुढचे दोन महिने जुन्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरचा (एव्ही) संदेश नव्या टीव्हीच्या एचडीएमआय छिद्रासाठी बदलून देणारा, बाजारात मिळणारा एव्ही ते एचडीएमआय डबा, प्लेस्टेशन २ साठीच बनवलेला छोटा एचडीएमआय कन्व्हर्टर आणि चित्राचे घटक तीन वेगळ्या तारांनी नेणारी जुनी कॉम्पोनंट केबल अशा तिन्ही वस्तू मी आलटून पालटून वापरल्या. टीव्हीला कॉम्पोनंटची सॉकेट असतील तर केबलच घ्यावी, नसतील तर छोटा कन्व्हर्टर घ्यावा आणि डब्यावर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आधी त्या भुणभुणीविषयी सांगतो, कारण कन्सोल बिघडल्याचा गैरसमज अनेकांचा इथेच होतो. अनेक नव्या टीव्हींना लाल, पांढरे आणि पिवळे अशी तीन वेगळी सॉकेट नसून हेडफोनसारखे साडेतीन मिलिमीटरचे एकच छिद्र असते आणि त्यात बसणाऱ्या पिनेवर चार पट्टे असतात. डावा आवाज, उजवा आवाज, चित्र आणि अर्थिंग यांचा त्या पट्ट्यांवरील क्रम सर्व कंपन्यांचा सारखा नसतो. मी घरातल्या जुन्या सेट टॉप बॉक्सची वायर लावली होती; तिच्यात चित्राचा संदेश भलत्याच पट्ट्यावर होता, तो आवाजाच्या मार्गाने गेला आणि स्पीकर भुणभुणू लागला. टीव्हीबरोबर आलेली वायर खोक्याच्या तळाशी सापडली, ती लावताच चित्र आले. दुकानदाराने सांगितलेला आयसी शाबूत होता.

चित्र आले, तरी समाधान झाले नाही. पिवळ्या वायरमधून उजेड आणि रंग एकाच तारेने येतात, टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात आणि त्या खटपटीत लाल रंग कडेने पसरतो, अक्षरांच्या काठावर बारीक ठिपके सरकताना दिसतात. जुन्या २१ इंची काचेच्या टीव्हीवर हे जाणवत नव्हते. ४३ इंचांवर धावफलकातील ३ आणि ८ यांत फरक करणे अवघड झाले.

म्हणून पहिल्यांदा साडेचारशे रुपयांचा एव्ही ते एचडीएमआय डबा घेतला. घेताना एक काळजी घ्यावी : अगदी याच आकाराचा, याच रंगाचा, पण उलट दिशेने काम करणारा एचडीएमआय ते एव्ही डबाही शेजारीच विकायला असतो, तेव्हा वर छापलेली दिशा वाचूनच पैसे द्यावेत. डब्यावर ७२० आणि १०८० असे बटण आहे आणि ते १०८० वर केले की टीव्ही मोठ्या अभिमानाने '१०८०पी' दाखवतो. परंतु डब्यात शिरते ते पिवळ्या वायरचेच चित्र. त्यात मिसळलेले रंग कितीही मोठे केले तरी सुटे होत नाहीत. शिवाय डबा ४:३ चे चित्र ताणून १६:९ करतो, त्यामुळे सगळे खेळाडू बुटके आणि रुंद दिसतात. सर्वांत त्रासदायक गोष्ट म्हणजे उशीर. वेगवान गोलंदाजाच्या चेंडूवर बटण वेळेवर दाबूनही बॅट मागाहून फिरते. आठवड्याभरात मी तो डबा बाजूला ठेवला.

प्लेस्टेशन २ चा छोटा कन्व्हर्टर हा वेगळा प्रकार आहे आणि त्याची तारीफ करायला मला संकोच वाटत नाही. अंगठ्याएवढा हा तुकडा कन्सोलच्या मागच्या 'एव्ही मल्टी आउट' या छिद्रात थेट बसतो आणि पिवळ्या वायरचे चित्र न घेता त्याच छिद्रातल्या दुसऱ्या पिनांवरचा कॉम्पोनंट संदेश घेऊन त्याचे एचडीएमआय करतो. त्याला लागणारी ५ व्होल्टची वीज कन्सोलच्याच पुढच्या यूएसबी छिद्रातून घेता येते, त्यामुळे वेगळा चार्जर लागत नाही आणि कन्सोलबरोबर तोही सुरू किंवा बंद होतो. तो चित्र मोठे करत नाही. टीव्हीच्या रिमोटवरील माहितीचे बटण दाबले तेव्हा '५७६आय' (म्हणजे ५७६ ओळींचे चित्र) असा आकडा आला, म्हणजे भारतातला पाल या टीव्ही पद्धतीचा कन्सोल जे देतो तेच जसेच्या तसे टीव्हीपर्यंत पोहोचले होते. डब्याच्या १०८० पेक्षा हा आकडा लहान असला तरी चित्र कितीतरी स्वच्छ आहे : धावफलक वाचता येतो, मैदानाचा हिरवा आणि खेळाडूंच्या कपड्यांचा निळा आपापल्या हद्दीत राहतात.

मात्र तो लावल्यावर पहिल्या क्षणी पडदा हिरवट-जांभळा दिसण्याची किंवा चित्र अजिबात न येण्याची शक्यता असते आणि अनेक जण तेवढ्यावरून वस्तू परत करतात. तिचा दोष नसतो. डिस्क न घालता कन्सोल सुरू केला की 'ब्राउझर' आणि 'सिस्टिम कॉन्फिगरेशन' असे दोन पर्याय येतात. दुसऱ्यात 'कॉम्पोनंट व्हिडिओ आउट' नावाची ओळ आहे आणि तिथे 'आरजीबी' असेल तर ते बदलून 'वाय सीबी/पीबी सीआर/पीआर' करावे लागते. चित्र दिसत नसताना हा बदल कसा करायचा, असा प्रश्न पडेल. पिवळी वायर लावून करावा, कारण या सेटिंगचा पिवळ्या वायरच्या चित्रावर परिणाम होत नाही. बदल झाला की कन्सोल बंद करून कन्व्हर्टर बसवावा.

या कन्व्हर्टरच्या दोन उणिवा मला आढळल्या. एक म्हणजे तो छिद्रात सैलसर बसतो आणि जाड एचडीएमआय केबलच्या वजनाने खाली ओढला जातो. मग चित्र लुकलुकते. मी पातळ केबल घेतली आणि कन्सोलच्या मागे एक लहानसे पुस्तक टेकू म्हणून ठेवले, तेव्हापासून हा त्रास थांबला. दुसरी अडचण पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कची आहे. त्या खेळांपैकी बहुतेकांचे चित्र निम्म्याच ओळींचे असते आणि ते एचडीएमआयमधून आले की काही टीव्ही ओळखतच नाहीत. माझा टीव्ही 'सिग्नल नाही' असे म्हणतो. अशा डिस्कसाठी पिवळी वायर परत लावावी किंवा रेट्रोटिंकसारखे ओळी दुप्पट करणारे, बरेच महाग उपकरण घ्यावे.

कॉम्पोनंट केबलची परीक्षा मी आईच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीवर घेतली. चित्र कन्व्हर्टरइतकेच स्वच्छ, जोड घट्ट आणि मध्ये विजेवर चालणारा कोणताही तुकडा नाही. जोडताना डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते ते लाल रंगाकडे, कारण या केबलला दोन लाल टोके असतात, एक चित्राच्या लाल घटकाचे आणि दुसरे उजव्या आवाजाचे. ती अदलाबदल झाली की रंग बिघडतात आणि उजव्या बाजूने घरघर येते. अनेक टीव्हींत पिवळी वायर आणि कॉम्पोनंटचे हिरवे टोक यांना एकच सॉकेट असते. तिथे पिवळी वायर लावून टीव्ही मात्र कॉम्पोनंटवर ठेवला तर चित्र कृष्णधवल दिसते. असे झाल्यास फक्त इनपुट बदलून 'एव्ही' करावे.

टीव्हीच्या बाजूनेही थोडे काम उरते. 'गेम मोड' (चित्रावरची प्रक्रिया कमी करणारा टीव्हीतला पर्याय) सुरू केल्यावर बॅट फिरण्यातला उशीर मला हाताला जाणवण्याइतका कमी झाला. चित्राचा आकार ४:३ ठेवावा. धावफलकाची खालची ओळ कापली जात असेल तर 'जस्ट स्कॅन' किंवा त्या अर्थाचा पर्याय निवडावा.

अमेरिकेत घेतलेला कन्सोल सोबत घेऊन परतलेल्यांनी मागच्या पट्टीवरील व्होल्टेज वाचल्याशिवाय तो आपल्या प्लगला लावू नये. तो एनटीएससी या अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीचा असतो. पिवळ्या वायरवर रंग आले नाहीत तर टीव्हीच्या मेनूतील रंगपद्धत 'पाल' वरून 'ऑटो' करावी. नेम धरायची जी-कॉन २ बंदूक मात्र यांपैकी कोणत्याही उपायाने चालणार नाही, कारण ती काचेच्या टीव्हीवर ओळीमागून ओळ उमटणारा प्रकाश वाचून नेम ओळखते आणि एलईडी पडद्यावर तसा प्रकाश उमटत नाही.

छोटा कन्व्हर्टर मला साडेसहाशे रुपयांना पडला आणि केबल तीनशेला. दुरुस्तीचे दीड हजार वाचले. सध्या कन्व्हर्टर दिवाणखान्यात आणि केबल आईच्या खोलीत आहे. रविवारी भाऊ आला की कन्सोल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो आणि दोन्हीकडे पहिल्याच प्रयत्नात चित्र येते.