टीएमएस आणि थेरपी एकत्र घेतली, त्याला आठ महिने झाले

टीएमएसच्या पहिल्या दिवशी डॉक्टरांनी डोक्याच्या डाव्या बाजूला चुंबकीय स्पंदनं देणारी कॉइल टेकवली आणि माझ्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडाला. यंत्राची ताकद किती ठेवायची ते या अंगठ्यावरूनच ठरवतात, मग कॉइल थोडी पुढे, कपाळाकडे सरकवतात. नैराश्याची दोन वर्षं मी स्वतःला आळशी, कमकुवत म्हणत आले होते. त्या क्षणी पहिल्यांदा आतून पटलं की मेंदू हाही शरीराचाच भाग आहे आणि त्यावर इलाज होऊ शकतो.

टीएमएस म्हणजे शॉक नव्हे, हे आधी सांगते. शॉकच्या उपचाराला, म्हणजे ईसीटीला, भूल द्यावी लागते. इथे आपण खुर्चीत पूर्ण जागे असतो. चुंबकीय स्पंदनांनी मेंदूच्या एका ठरावीक भागाला चालना दिली जाते. चार सेकंद टकटक, सव्वीस सेकंद शांतता, असं करत साडेसदतीस मिनिटांत ३००० स्पंदनं. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, एकूण ३० सेशन्स. कानात बोळे घालावे लागतात. पहिला आठवडा टाळू दुखली, दोनदा डोकेदुखीची गोळी घेतली, पुढे सवय झाली.

दोन वेगवेगळ्या गोळ्यांनी फरक पडला नव्हता. सीबीटी, म्हणजे मनातले विचार तपासून बदलायला शिकवणारी थेरपीही आधी एकदा सुरू करून सोडली होती. थेरपिस्ट सांगायच्या ते सगळं कळायचं, पण घरी आल्यावर पेन उचलवत नसे. म्हणून या वेळी दोन्ही एकत्रच करायचं ठरवलं. आधी जिथे चौकशी केली, तिथे थेरपीचं विचारल्यावर ‘यंत्र आहे ना, मग त्याची काय गरज?’ असं उत्तर मिळालं. ते मला आजही खटकतं, कारण माझ्या बाबतीत सगळं त्या गरजेवरच येऊन ठेपलं.

दुसऱ्या ठिकाणी टीएमएस झालं की अर्ध्या तासाने, आठवड्यातून दोनदा, थेरपी असायची. पहिले दोन आठवडे काहीच घडलं नाही. नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत (जितके गुण जास्त, तितका त्रास जास्त) २७ पैकी २१ गुण होते, ते २० झाले. मी घरी रडले. तिसऱ्या आठवड्यात झोप सुधारली. चौथ्या आठवड्यातली गोष्ट मात्र विसरणार नाही. थेरपीच्या कागदावर डावीकडे मनात आलेला विचार लिहायचा, उजवीकडे त्याच्या विरुद्ध जाणारा पुरावा. डावीकडे लिहिलं होतं, ‘मैत्रिणीने मेसेजला उत्तर दिलं नाही, तिला मी नकोशी झालेय.’ उजवी बाजू नेहमी थेरपिस्ट मॅडमनी खोदून खोदून विचारल्यावर भरायची. त्या दिवशी त्यांनी तोंड उघडायच्या आत मी लिहिलं, ‘ती प्रवासात आहे, तिनेच सांगितलं होतं.’ पुढे पाच मिनिटं आम्ही दोघी गप्प बसलो होतो.

माझ्यापुरतं मला हे असं दिसतं: यंत्राने पेन उचलण्याइतकं बळ दिलं, पण काय लिहायचं ते थेरपीने शिकवलं. कुणामुळे किती फरक पडला हे एका माणसाच्या अनुभवावरून वेगळं काढता येणार नाही. नेदरलँड्समधला २०१८ सालचा अभ्यास मी आधी वाचला होता. टीएमएस आणि थेरपी सोबत घेणाऱ्या १९६ जणांपैकी ६६ टक्क्यांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त कमी झाली होती. पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. उलट जर्मनीतल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गटातल्या सीबीटीला सौम्य विद्युतप्रवाहाची, म्हणजे टीडीसीएसची, जोड देऊन जास्तीचा फायदा दिसला नाही. टीडीसीएस आणि टीएमएस ही वेगळी तंत्रं आहेत, त्यामुळे एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावू नका.

शेवटच्या सेशनला गुण ९ होते. पाचव्या महिन्यात पुन्हा १४ वर गेले. सकाळी अंथरुणातून उठवेना, भीती वाटली की सगळं वाया गेलं. मॅडमनी लगेच बोलावलं, डॉक्टरांनी काही सेशन्स वाढवली, आणि या वेळी कागद भरणं मी एक दिवसही थांबवलं नाही. आता ६ आहेत. गोळी चालू आहे, थेरपी पंधरा दिवसांतून एकदा.

विचार करत असाल तर डोक्यात किंवा कानात धातूचं काही बसवलेलं असेल, कधी फिट आली असेल, तर ते आधीच सांगा. फिट येण्याचा धोका फार कमी आहे, पण आहे. आणि यंत्राची माहिती विचारताना हेही विचारा, की तिथले डॉक्टर आणि तुमचे थेरपिस्ट एकमेकांशी बोलतात का.