पुण्यातल्या एका घरगुती हॅमस्टर ब्रीडरचा अनुभव (जरा मोठा आहे पण हॅमस्टर घेणार असाल तर वाचाच)

रेटिंग ५ पैकी साडेचार. ब्रीडर ताईंचं (घरी हॅमस्टरची पिल्लं काढून देतात त्या) नाव टाकत नाहीये, त्यांनीच नको म्हटलंय, आधीच नंबर लावून बसलेले लोक खूप आहेत.

आधी आमचं काय झालं ते सांगते, नाहीतर मी एका हॅमस्टरसाठी अडीच महिने का थांबले ते कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी लेकीच्या वाढदिवसाला एका पेट शॉपमधून सीरियन जातीच्या हॅमस्टरची जोडी आणली, ९०० रुपये, दुकानदार म्हणाला दोन्ही माद्या आहेत, बहिणी आहेत, एकाच पिंजऱ्यात छान राहतील. त्यातलं एकही खरं नव्हतं. एक नर होता, आणि सीरियन हॅमस्टर मोठे झाले की एकत्र राहूच शकत नाहीत, एकेकटेच लागतात, नाहीतर एकमेकांना फाडतात. वीस दिवसांत मादी व्यायली, ती स्वतःच जेमतेम दीड-दोन महिन्यांची असेल. सकाळी लेकीने गुलाबी पिल्लं बघितली आणि आनंदाने एक उचलून हातात घेतलं, मीही शेजारीच उभी होते, फोटो काढत होते. संध्याकाळपर्यंत आईने सगळी पिल्लं खाल्ली. लेक तेव्हा नऊ वर्षांची, ती कितीतरी दिवस म्हणत होती की माझ्यामुळे झालं.

त्यामुळे परत हॅमस्टर आणायचा म्हटल्यावर दुकानात पाऊल टाकायचं नाही हे पक्कं होतं. एका मैत्रिणीकडून या ताईंचं कळलं. पहिल्याच फोनवर त्यांनी किंमत सांगितली नाही, उलट मलाच प्रश्न विचारले, पिंजरा केवढा, व्हील (हॅमस्टरचं पळायचं चाक) किती इंचाचं, उन्हाळ्यात खोली किती तापते, घरात मांजर आहे का, मुलगी कंटाळली तर कोण बघणार. पिंजऱ्याचा फोटो मागितला आणि बघून सरळ नाही म्हणाल्या. व्हील लहान आहे, सीरियनला निदान ११ इंची लागतं नाहीतर पाठ वाकडी होते, आणि देवदाराचा भुसा काढून टाका, त्याच्या वासाने श्वासाला त्रास होतो. मला तेव्हा राग आला होता खरं सांगायचं तर, पैसे मी देणार आणि परीक्षा पण मीच द्यायची. पण आता वाटतं अशी परीक्षा त्या दुकानदाराने घेतली असती तर.

मग त्यांनी घरी बोलावलं बघायला. एक छोटी खोली फक्त हॅमस्टरची, प्रत्येकाचा वेगळा मोठा प्लास्टिकचा बिन, जाळी लावलेली, आणि वास जवळजवळ नाहीच. प्रत्येक मादीची वही! आईवडील कोण, वजन, आजार, किती वेतं झाली. पहिलं वेत मादी चार ते सहा महिन्यांची असतानाच, त्याआधी नाही आणि त्याहून उशिरा पण नाही. दोन वेतांनंतर मादी निवृत्त, ती मरेपर्यंत त्यांच्याचकडे. एप्रिल-मे मध्ये जोडी लावतच नाहीत कारण पुण्यातला उन्हाळा गाभण मादीला सोसत नाही. नर-मादी संध्याकाळी थोडाच वेळ एकत्र, तेही डोळ्यासमोर, कारण मादी माजावर नसेल तर ती नराला जखमी करते (माज साधारण दर चार दिवसांनी येतो), आणि काम झालं की लगेच वेगळे. सोळाव्या-सतराव्या दिवशी पिल्लं होतात. त्यानंतर दोन आठवडे घरट्याला हात नाही, बिन साफ करणं नाही, फक्त पाणी, खाणं आणि आईला थोडं उकडलेलं अंडं किंवा पनीर. तीन आठवड्यांनी दूध सुटतं, चौथ्या आठवड्यात नर-मादी पिल्लं वेगळी करायची कारण एवढ्याशा वयात ती गाभण राहू शकतात. आमच्या दुकानदाराने नेमकं हेच केलं नव्हतं.

रंगाबद्दल विचारलं तर एक गोष्ट कळली जी मला कुणीच सांगितली नव्हती. पांढऱ्या पोटाचं एक जनुक असतं, ते आई आणि बाप दोघांकडून आलं तर पिल्लं डोळ्यांशिवाय जन्मतात. म्हणून कुणाच्या आईबापाची माहिती नसेल तर त्या त्याच्यापासून वेत घेत नाहीत, कितीही सुंदर असला तरी. दुकानातून आणलेल्या दोघांची जोडी लावणाऱ्यांनी एवढं एक तरी वाचावं.

आणि लेकीला त्यांनी जे सांगितलं त्यासाठीच मी अर्धा स्टार जास्त देतेय. म्हणाल्या, बाळा, आज घराघरात जे सीरियन हॅमस्टर आहेत ते जवळजवळ सगळे १९३० मध्ये सीरियात अलेप्पोजवळ सापडलेल्या एका आईच्या पिल्लांचे वंशज, आणि माणसांनी तिला बिळातून काढलं तेव्हा त्या आईनेही आपलं एक पिल्लू मारलं होतं. घाबरलेली आई असं करते, तू वाईट नाहीस, तुला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. लेक घरी येताना रिक्षात रडली पण वेगळं रडली, नंतर परत कधी ती माझ्यामुळे म्हणाली नाही.

लेकीने विचारलं काकू आपण पण आपल्या हॅमस्टरला पिल्लं होऊ द्यायची का, तर म्हणाल्या आधी दहा घरं शोधून आण जी तुझ्या ओळखीची आहेत, मग बोलू, कारण एका वेतात आठ-दहा पिल्लं सहज होतात. तिने वर्गात विचारून चारच घरं आणली, विषय संपला.

आता कमतरता. मेसेजला उत्तर रात्री अकरानंतरच येतं. रंग निवडता येत नाही, जे वेत होईल त्यातलं तुमचा नंबर येईल ते. होम डिलिव्हरी नाही, कॅरिअर स्वतःचा न्यायचा. माहितीचा कागद फक्त इंग्रजीत आहे, माझ्या सासूबाई दिवसा बघतात त्यांना मलाच वाचून दाखवावा लागला, मराठीत करा म्हणून सांगितलंय. आणि हॅमस्टर बघणारे डॉक्टर कमी आहेत तर त्यांची यादी सोबत द्यायला हवी होती, आम्हाला शोधत फिरावं लागलं. किंमत १५०० एकाची, दुकानात जोडी ९०० ला मिळाली होती हे खरं. पण सोबत आठवडाभराचं त्यांचंच खाणं, घरट्यातलं थोडं जुनं बेडिंग (ओळखीच्या वासाने पिल्लू घाबरत नाही), आणि कधीही नको झालं तर परत घेईन हे लिहून.

आमची जिरू सहा आठवड्यांची असताना आली, आता चौदा महिन्यांची आहे, एकदाही चावलेली नाही, रात्री साडेदहाला व्हील सुरू झालं की लेक झोपायला जाते. पुढचं वेत दिवाळीनंतर म्हणाल्यात, घ्यायचं असेल तर व्हील आधी आणून ठेवा, त्या फोटो मागतातच.