इंजिन उघडलंच नाही, पैसे मात्र 'हाफ इंजिन'चे घेतले

आमच्या पिकअपचं इंजिन न उघडताच 'हाफ इंजिन केलं', म्हणजे इंजिन खालून उघडून आतली बेअरिंगं बदलली, असं सांगून एका गॅरेजवाल्याने 58,000 रुपये घेतले. नारायणगावच्या मार्केटमधून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज उतरणाऱ्या आमच्यासारख्यांची गाडी ऐन हंगामात उभी राहिली, की रोजचं भाडं बुडतं. हप्ता थांबत नाही. ही घाई समोरच्याला बरोबर कळते, म्हणून सगळं तपशिलाने लिहितोय.

आवाज असा होता: आयडलवर (रेस न देता गाडी नुसती चालू असताना) बॉनेटच्या पुढच्या बाजूने खडखड, रेस वाढवली की कमी. ऑइलचा लाल दिवा कधी लागला नाही, धूर नाही, गाडीची ओढही तशीच. गॅरेजवाल्याने दोनदा जोरात रेस दिली, कान लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "दादा, कनेक्टिंगचं बेअरिंग गेलंय. आता घाटात नेऊ नका, रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल." (कनेक्टिंग रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी, इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडणारा रॉड.) हे ऐकल्यावर भरलेली गाडी घाटात घालायची कोणाची हिंमत होईल?

त्याने साध्या कागदावर खर्च लिहून दिला: क्रँक ग्राइंडिंग, 0.25 मिमी मापाचे नवे बेअरिंग, पॅकिंग सेट, ऑइल, मजुरी. पक्कं बिल हवं असेल तर वर 18 टक्के जीएसटी पडेल, हेही सांगितलं. गाडी परत दिली तेव्हा आवाज खरंच बंद होता. जुनी, घासलेली बेअरिंगं त्याने स्वतःहून हातात ठेवली, तांबं उघडं पडलेली.

थोड्याच दिवसांत तीच खडखड पुन्हा सुरू झाली. या वेळी आळेफाट्याकडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी रेस दिलीच नाही. फॅन बेल्ट काढला, इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवलं आणि बंद केलं. आवाज गायब. म्हणजे दोष इंजिनाच्या पोटात नव्हता, बेल्टवर फिरणाऱ्या वस्तूंत होता. (बेल्टशिवाय वॉटर पंप फिरत नाही, म्हणून ही तपासणी एवढीच ठेवायची.) बेल्टला वाट देणारी आयडलर पुली हाताने फिरवली तर करकरत होती, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर सैल होता. पुलीच्या सीलभोवती कोणीतरी ऑइल आणि ग्रीस सोडल्याचं स्पष्ट दिसत होतं, त्यावर धूळ चिकटून काळं कडं झालं होतं. पहिल्या वेळी आवाज कशामुळे बंद झाला, ते तिथे कळलं. ग्रीस उडालं आणि बेअरिंग पुन्हा बोलायला लागलं.

मग ते गाडीखाली गेले. कनेक्टिंगचं बेअरिंग बदलायचं तर ऑइलचा चेंबर उतरवावाच लागतो. आमच्या चेंबरच्या बोल्टांवर जुना चिखल वाळून बसलेला, एकावरही पान्याची खूण नाही, कडेला कंपनीचाच सीलंट.

ती जुनी बेअरिंगं मी गाडीतच ठेवली होती. मिस्त्रींनी एक उलटं केलं. पाठीवर 050 असा आकडा होता. क्रँक घासली की बारीक होते, म्हणून पुढचं बेअरिंग जाड लागतं: आधी स्टँडर्ड, मग 0.25, मग 0.50. नव्या घेतलेल्या आणि कधीच न उघडलेल्या इंजिनात 0.50 येईल कुठून? आणि 0.50 काढून 0.25 बसवायचं म्हणजे घासलेलं लोखंड परत वाढायला हवं. ती बेअरिंगं दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची होती.

खरा बेअरिंगचा ठोका वेगळा असतो. जड, खोल, खालून येणारा, लोड पडला की वाढणारा. इंजिन गरम झाल्यावर आयडलला ऑइलचं प्रेशर पडतं आणि दिवा लुकलुकतो. असं झालं तर इंजिन लगेच बंद करा, तिथे संशय घेत बसू नका. पण नुसत्या कानावर कोणी 'हाफ इंजिन' सांगत असेल, तर ऑइलच्या दिव्याचा स्विच काढून त्या जागी गेज लावून प्रेशर दाखवायला सांगा, ऑइल फिल्टर कापून आत चकचकीत कण आहेत का ते बघा. थंड असताना टकटक आणि गरम झाल्यावर बंद, असं असेल तर बऱ्याचदा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग किंवा तुटलेला स्टड निघतो. मात्र आवाज कुठल्या सिलिंडरचा ते शोधायला म्हणून कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून डिझेल देणारं) इंजिन चालू असताना इंजेक्टरचा पाइप सैल करू देऊ नका. तिथलं प्रेशर हजार बारच्या वर जाऊ शकतं, डिझेल कातडी फोडून आत जातं. काम खरंच निघालं, तर चेंबर उतरवताना समोर उभे राहा आणि क्रँक घासणाऱ्या लेथवाल्याची वेगळी पावती मागा.

जाब विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "पुलीचं काम वेगळं, इंजिनाचं वेगळं." बिल तेव्हाही दिलं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. "गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही," असंही आम्हाला ऐकवलं गेलं. पण स्वतःच्या चरितार्थासाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरलेली वस्तू व्यावसायिक हेतूत मोडत नाही, हे त्याच कायद्याच्या व्याख्येत लिहिलं आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद केली, मग पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, मुदत दोन वर्षांची आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही.

खर्चाचा कागद, यूपीआयने दिलेल्या पैशांची नोंद, चेंबरच्या बोल्टांचे फोटो आणि 050 ची बेअरिंगं असं सगळं जोडलं आहे. त्यानंतर गॅरेजवाल्याचा निरोप आला, अर्धे पैसे देतो, तक्रार मागे घ्या. आम्ही नाही म्हणून कळवलं. पूर्ण रक्कम आणि हंगामातली बुडालेली भाडी, दोन्ही मागितली आहेत.