कंटिन्युइटी टेस्टरचं किट: एलईडी, बझर, ट्रान्झिस्टर की कंपॅरेटर?

कंटिन्युइटी टेस्टर म्हणजे दोन टोकांमधली विजेची वाट सलग आहे की तुटलीय हे दाखवणारं छोटं उपकरण. तपासायला १२ व्होल्टचा एक साधा रिले, म्हणजे कॉइलने चालणारा स्विच, घ्या. त्याच्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ४०० ओहम असतो. दोन सेल, एक एलईडी आणि एक रेझिस्टर एवढ्यावर बनवलेला टेस्टर त्या कॉइलला लावला की एलईडी पेटतो. आता कॉइल धडधाकट आहे की आतून शॉर्ट झालीय? पेटणार तो दोन्ही वेळा. नवशिक्यांसाठी किट ठरवताना मला हीच कसोटी सगळ्यात कामाची वाटते. वायर जोडलेली आहे हे कुठलाही टेस्टर सांगतो. कुठे गप्प बसायचं हे मात्र प्रत्येकाला कळत नाही.

पहिला पर्याय अर्थातच हा एलईडीवाला. एए आकाराचे दोन पेन्सिल सेल, लाल एलईडी, १०० ओहमचा रेझिस्टर, दोन क्लिपा. लाल एलईडीवर दोन व्होल्टच्या आसपास पडतात, उरलेल्या व्होल्टभरात १० मिलिअँपिअर मिळतात, उजेडाला भरपूर. पांढरा किंवा निळा एलईडी घेऊ नका, त्याला तीनेक व्होल्ट लागतात आणि सेल जरा उतरले की तो विझतो. बरेच जण इथे ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावतात. मी लावणार नाही. ती महाग पडते, आणि बऱ्याच एलईडींना उलट्या दिशेने पाचच व्होल्टची मर्यादा असते. मुलं टेस्टर हातात आला की पहिल्यांदा एलईडीच तपासणार, तीही उलटसुलट. तीन व्होल्टमध्ये ती काळजी नाही. शिवाय क्लिपा सुटल्या की सर्किट आपोआप तुटतं, त्यामुळे स्विचही लागत नाही.

याच सर्किटला बझर जोडला की दुसरा पर्याय तयार. एलईडी आणि त्याचा रेझिस्टर ही जोडी, आणि तिला समांतर तीन व्होल्टवर चालणारा बझर. फायदा उघड आहे: नजर प्रोबच्या, म्हणजे तपासायच्या भागाला टेकवायच्या तारेच्या, टोकावर ठेवता येते, मान वर करून दिवा बघावा लागत नाही. बझर २०-३० मिलिअँपिअर ओढतो, म्हणून वाटेत थोडा रेझिस्टन्स आला तरी त्याचा आवाज बसतो. रिलेच्या कॉइलवर तो ओरडतच नाही. म्हणजे एका भागाची भर घातली आणि टेस्टर थोडा शहाणा झाला. पण डायोड आडवा आला तर हाही चकू शकतो, आणि एवढा करंट नाजूक भागांतून सोडणं बरं नव्हे.

बीसी५४७ ट्रान्झिस्टरचा टेस्टर अनेक ठिकाणी ‘पुढची पायरी’ म्हणून दिलेला दिसतो. माझ्या मते किटसाठी हा चारांतला सगळ्यात वाईट. प्रोबमधून फक्त ट्रान्झिस्टरच्या बेसचा, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या पायाचा, चिमूटभर करंट जातो, त्यामुळे तो इतका हळवा होतो की दोन्ही टोकं ओल्या बोटांत धरली तरी एलईडी मिणमिणतो. ॲम्प्लिफिकेशन, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालवणं, शिकवायला झकास. पण बोर्डवर लाखभर ओहमची वाटही ‘जोडलेली आहे’ म्हणून दाखवणारा टेस्टर काय कामाचा? १९७२ पासून बाजारात असलेली ५५५ आयसी वापरून टोन काढणंही इथे उगाच आहे. तिला किमान साडेचार व्होल्ट लागतात, भाग वाढतात आणि हाती काय, तर तयार बझर देतो तोच आवाज.

खरा पुढचा टप्पा म्हणजे एलएम३९३ कंपॅरेटर, दोन व्होल्टेजची तुलना करणारी आयसी. इथे ९ व्होल्टची बॅटरी चालते, कारण ते व्होल्टेज प्रोबवर येतच नाही. बॅटरीवर एकामागे एक लावलेल्या ४.७ किलोओहम आणि १०० ओहम रेझिस्टरांची एक जोडी. १०० ओहमच्या दोन टोकांना प्रोब. प्रोब मोकळे असताना तिथे जेमतेम ०.१९ व्होल्ट असतात, सिलिकॉन डायोड किंवा ट्रान्झिस्टर जागा होण्याइतके नव्हेतच. दुसरी जोडी ४.७ किलोओहम आणि २२ ओहमची, तुलनेसाठी. प्रोबमध्ये साधारण २८ ओहमपेक्षा कमी रेझिस्टन्स आला तरच आउटपुट खाली येतं आणि एलईडी लागतो. बॅटरी उतरली तरी ही सीमा फारशी हलत नाही, कारण दोन्ही जोड्या एकाच बॅटरीवर आहेत. आउटपुट थेट बझर ओढण्याच्या ताकदीचं नाही, मध्ये बीसी५५७ ट्रान्झिस्टर टाका. इथे स्विच मात्र हवाच. प्रोब मोकळे असले तरी चार-पाच मिलिअँपिअर वाहत राहतात.

मग सगळ्यांना हाच द्यावा का? नाही. ६० वॉटच्या बल्बची फिलामेंट थंड असतानाही ६०-७० ओहम भरते, १००० वॉटच्या इस्त्रीचं एलिमेंट ५३ च्या आसपास. कंपॅरेटर त्यांना ‘तुटलेलं’ ठरवेल, नुसता एलईडीवाला बरोबर सांगेल. म्हणून सातवी-आठवीच्या मुलांना, ज्यांना वायर, फ्यूज, बल्ब बघायचे आहेत, पहिलं किट द्या. बझर ऐच्छिक ठेवा. झिरो बोर्डवर (भोकं असलेल्या साध्या सर्किट बोर्डवर) सोल्डरिंग करून चुका शोधणाऱ्यांना कंपॅरेटर. आणि कुणाला बनवण्यात रसच नसेल, फक्त तपासायचं असेल, तर सरळ बझरवाला मल्टिमीटर घ्यावा, तो ओहमचा आकडाही दाखवतो.

पहिल्या किटमध्ये टोकदार प्रोब देऊ नका, क्रोकोडाइल क्लिपाच द्या. घरी सॉकेटमध्ये खुपसायचा निऑन टेस्टर मुलांनी पाहिलेला असतो. हाही तसाच खुपसून पाहतील. क्लिप जाडजूड असल्याने भोकात सहज शिरत नाही, तरीही ‘वीज बंद, प्लग काढलेला’ हे डबीवरच ठसठशीत छापा.

भाग पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे मिळतात. बझर घेताना मात्र ॲक्टिव्ह असं सांगून घ्या आणि दुकानातच सेल लावून बघा. पॅसिव्ह बझर सेलवर एकदा टक् करतो आणि गप्प होतो.