कागदावर २४१ पीएस, खिशाला ५७,५०० चा चुना

आकडे आधीच सांगून टाकतो. स्टेज वन रीमॅपचे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून ताकद वाढवण्याचे ४२,०००, डायनोच्या (गाडी रोलरवर चढवून ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) रनचे ९,००० आणि ‘रोडवर फायनल टच’चे ६,५००. एकूण ५७,५००. त्यातले २०,००० यूपीआयने, बाकीचे ३७,५०० रोख. "बिल हवं तर वर अठरा टक्के जीएसटी, बघा तुम्हीच," असं ट्यूनर म्हणाला आणि मी बघितलं. बिल नको म्हणालो. या एका वाक्याने पुढे माझी सगळी दारं बंद झाली, पण ते नंतर.

गाडी ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय, सात गिअरची डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक. कंपनीचे आकडे: ताकद १८० पीएस आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २५० न्यूटन-मीटर. हातात पडला तो एक रंगीत ग्राफ: आधी १५२, नंतर २४१. म्हणजे ८९ पीएसची वाढ.

रीमॅपच्या नावाखाली तयार फाइल खपवतात हे काय मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. म्हणून तर डायनोचा हट्ट धरला. निव्वळ रोडवर ट्यून करणारा ‘आता कशी पळतेय बघा’ म्हणून पेडल हलकं करून देतो, ते टाळायला जास्तीचे नऊ हजार मोजले.

आणि तिथेच, तो कागद हातात असताना, कळायला हवं होतं. ५,५०० आरपीएमच्या उभ्या रेषेवर टॉर्क होता २६२ न्यूटन-मीटर आणि ताकद २४१ पीएस. टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७,०२४, की पीएस निघतात. यात ट्यूनरची मर्जी चालत नाही. २६२ गुणिले ५,५०० भागिले ७,०२४ म्हणजे २०५. दोनशे एक्केचाळीस नव्हे! एकाच कागदावरच्या दोन रेघा एकमेकींना खोटं पाडत होत्या. फोन हातात होता, फोनमध्ये कॅल्क्युलेटर होता. त्याच फोनने मी ग्राफचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. अभिनंदनं घेतली.

कोणी म्हणेल, एवढं कळतं तर फसलास कसा. रोलरवर गाडी चढलेली असते, ड्रम फॅन घोंघावत असतो, चार जण स्क्रीनकडे बघत असतात आणि लाल रेघ निळ्या रेघेच्या वर चढत जाते. त्या क्षणी भागाकार सुचत नाही. ज्याला सुचतो त्याला माझा नमस्कार.

२०५ चे २४१ कसे झाले? २०५ ला १.१७५ ने गुणून बघा. टॉर्क चाकावरचा ठेवला आणि ताकदीला गिअरबॉक्सचा घाटा साडेसतरा टक्के धरून ती इंजिनची म्हणून छापली. ‘आधी’चे १५२ मात्र चाकावरचेच. म्हणजे तुलना चाकाची इंजिनशी. ग्राफ घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: दोन्ही रेघा चाकावरच्या की दोन्ही क्रँकवरच्या, म्हणजे इंजिनच्या?

अजून आहे. तळाशी बारीक अक्षरांत ‘सीएफ’ असतो, हवेची दुरुस्ती. ‘आधी’ला १.००, ‘नंतर’ला एसटीडी १.१२. एसएई आणि एसटीडी या वेगवेगळ्या पट्ट्या आहेत आणि एसटीडी साधारण चार टक्के जास्त दाखवते. त्यात आपण राहतो पठारावर. पुणे, नाशिक, संभाजीनगर, सगळी साडेपाचशे-सहाशे मीटरवर. हवा विरळ, म्हणून सॉफ्टवेअर आठ ते बारा टक्के वरून वाढवतं. साध्या इंजिनाला ते रास्त आहे. टर्बो गाडीचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मात्र विरळ हवेची बरीचशी भरपाई बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, राखून आधीच करतो, त्यामुळे ही दुरुस्ती जवळजवळ फुकटची सूज. २०५ ला १.१२ ने भागा, उरतात १८३.

‘आधी’चा रनही पाडलेला होता. गाडी आल्या आल्या रोलरवर, बॉनेट बंद, इनटेकची हवा ५४ अंश. ‘नंतर’च्या वेळी ३३. गाडी बांधायचे पट्टे आधी करकचून ताणलेले, नंतर सैल. पट्टा ताणला की टायर रोलरवर चेपतो आणि ताकद खातो. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. मला वाटलं, काळजी घेतायत.

दुसऱ्या ठिकाणी, ब्रेक असलेल्या लोड डायनोवर ७,५०० देऊन पुन्हा मोजलं. चाकावर, एकाच सीएफने: मूळ फाइल १५८, याची फाइल पहिल्या पुलला (पूर्ण पेडल दाबून केलेल्या एका रनला) १८१, तिसऱ्याला १६७. पहिला आकडा विकायचा, तिसरा गाडी चालवताना मिळतो. नॉक होत असल्याने, म्हणजे इंधन आपोआप पेटून ठोके बसत असल्याने, ईसीयू दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरचं ठिणगीचं टायमिंग सहा-सात अंश मागे खेचत होता. अधूनमधून एक-दोन अंश चालतात. दर पुलला सहा म्हणजे फाइल चुकीची. डायनोच्या दिवशी टाकीत शंभर ऑक्टेनचं पेट्रोल भरून आणायला सांगितलं होतं, त्याचं कारण तेव्हा कळलं: त्यावर नॉक सहज होत नाही.

ईसीयूला पहिल्या ट्यूनरने पासवर्ड मारून ठेवला होता. बेंचवर काढून वाचावा लागला. आत बूस्टच्या टेबलात सरसकट १८ टक्के वाढ. डायनोवर खरंच बसून केलेलं ट्यूनिंग असं दिसत नाही. लोड डायनोवर आरपीएम धरून ठेवता येतो, २,५०० ला थांबायचं, टायमिंग अर्धा-एक अंश हलवायचं, टॉर्क बघायचा, पुढच्या घरात जायचं. त्यामुळे घराघरात आकडे वेडेवाकडे पडतात. सरसकट टक्केवारी म्हणजे कॉपी-पेस्ट. मिसफायरचे कोडही बंद केलेले, म्हणजे दिवाच लागायला नको!

सगळ्यात महागात पडलं ते वेगळंच. या सात गिअरच्या कोरड्या क्लचची मर्यादा २५० न्यूटन-मीटर. फाइल १,९०० आरपीएमला त्याच्या बरीच वर जात होती आणि गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला टॉर्क कमी कळवला जात होता. त्यामुळे तो क्लच तेवढा आवळतच नाही. डायनोवर चौथ्या गिअरमध्ये दहा-बारा सेकंदांच्या पुलात हे दिसत नाही. घाटात सहाव्या गिअरला दिसलं: आरपीएम चढतोय, वेग नाही. क्लच पॅक ८६,४००. मूळ फाइल परत टाकायचे ८,०००. आधीचे ५७,५०० आणि दुसऱ्या डायनोचे ७,५०० धरून एकूण १,५९,४००.

आता त्या ६,५०० च्या ‘रोड टच’बद्दल. लॅपटॉप उघडा, पण लॉग सुरूच नाही. मी विचारलं तर "कानाला कळतं हो". रस्ता सौम्य उताराचा. दोन माणसं धरून साडेपंधराशे किलोची गाडी, एक टक्का उतार, शंभरचा वेग: जवळपास पावणेसहा पीएस उतारच देतो. दोन टक्क्यांना साडेअकरा. म्हणून रोडवर मोजायचं तर त्याच पट्ट्यात, दोन्ही दिशांना, एकाच गिअरमध्ये आणि शेजारी लॅपटॉपवाला वेगळा. तिसऱ्या गिअरमध्ये वरपर्यंत ओढलं तरी शंभरची मर्यादा सहज मोडते, तेव्हा पूर्ण लोडचं काम रोलरवरच करून घ्या.

पण रोडला पर्याय नाही हेही खरं. ड्रम फॅनची हवा इंटरकूलरपर्यंत धड पोचत नाही, तिसऱ्या पुलला इनटेक ६१ वर गेलं होतं. रस्त्यावर खरा वारा मिळतो. अर्ध्या पेडलवरचा धक्का, गिअर बदलतानाचा झटका, ट्रॅफिकमधून सुटतानाची हिसक, हे रोलरवर कळतच नाही. डायनोवर पाया, रोडवर घासणी. आणि दोन्हींचा लॉग पेन ड्राइव्हवर घ्या: आरपीएम, मागितलेलं आणि मिळालेलं बूस्ट, चारही सिलिंडरचं टायमिंग, लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण), इनटेकचं तापमान. लॉग देत नसेल तर तिथूनच परत फिरा, अॅडव्हान्स बुडाला तरी.

चौकीत गेलो. "तुम्ही स्वतः गेलात, स्वतः पैसे दिलेत, गाडी चालू आहे. मग गुन्हा काय?" दिवाणी बाब, म्हणे. एनसीसुद्धा घेईनात. एका हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं लटकून कळलं की हा ऑनलाइन फ्रॉड नाही, कारण दुकान खरं आहे. दुसरीकडे पहिलाच प्रश्न: बिल? यूपीआयच्या नोंदीत ‘कार वॉश’ लिहिलेलं, तेही त्यानेच सुचवलेलं. ग्राफ दाखवला तर साहेब म्हणाले, "वाढलेलीच दिसते की." वाहन नोंदणीच्या कचेरीत तर उलटी बाजू: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत फेरफार तुम्हीच केलात, लेखी द्या, मग तुमच्यावरच बघू. लेखी दिलं नाही.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही, पण तिथेही पहिला कागद बिलच मागतील. १८ टक्के म्हणजे १०,३५० रुपये. तेवढे वाचवले होते मी.

दुकान चालू आहे. माझ्याच गाडीचा २४१ चा ग्राफ काउंटरमागे फ्रेम करून लावलाय, तळाची सीएफची ओळ कापून.