सात महिने स्लेज ओढून: लोखंड चांगलं, पट्टा नाही

फेब्रुवारीतली गोष्ट. पहाटे साडेपाचला नागपुरात रेशीमबागच्या मैदानावर स्लेजची, म्हणजे वजन लादलेला लोखंडी सांगाडा कमरेला बांधून ओढत पळण्याची, तिसरी फेरी चालू होती. सात-आठ पावलं टाकली आणि मागची ओढ एकदम नाहीशी झाली. पूर्ण ताकदीनं पुढे झुकलेलो असल्यामुळे सरळ तोंडावर आलो. दोन्ही तळहात आणि डावा गुडघा मुरमावर सोलून निघाला. मागे पाहिलं तर स्लेज जागेवरच, दोरी जमिनीवर आणि दोरीच्या टोकाला माझ्या कमरपट्ट्याची डी-रिंग, म्हणजे दोरी अडकवायची कडी. टाके उसवले होते. घेऊन जेमतेम तीन महिने झाले होते.

ही स्लेज दिवाळीनंतर 4,200 रुपयांना ऑनलाइन मागवली. वजनाच्या प्लेट वेगळ्या, त्या मी इतवारीतून किलोच्या भावानं घेतल्या. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यासाठी ही रक्कम लहान नाही. दोन महिन्यांच्या मेसच्या पैशातून वाचवून घेतली होती.

कंपनीला फोन केला. त्यांनी बिल मागितलं, फोटो मागितले, मग व्हिडिओ मागितला. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सांगायचं. सतरा दिवसांनी उत्तर आलं की वॉरंटी फक्त सांगाड्याची आहे, शिलाई झिजणाऱ्या वस्तूंमध्ये धरतात. नवा पट्टा 1,150 रुपये, कुरिअर वेगळं. सांगाडा पाव इंची पत्र्याचा आहे, तो माझ्या हयातीत तुटणार नाही. तुटणार ते कापडच, आणि सगळा भार त्याच चार बोटं शिलाईवर येतो. वॉरंटी तिथं नसेल तर ती कशाची?

शेवटी पट्टा महालातल्या एका मोचीकाकांकडे नेला. त्यांनी उसवलेली जागा बोटानं चाचपली आणि म्हणाले, "बाबू, शिलाई एकाच रेघेत हाये. ओढ आली का एक टाका तुटते, मंग बाकीचे आपोआप जाते." त्यांनी आतून चामड्याचा तुकडा लावला, मेणाचा दोरा घेऊन चौकोन शिवला आणि चौकोनात फुली मारली. पाठीवरच्या बॅगेच्या पट्ट्याला जिथं शिवण असते तिथं पाहा, बऱ्याचदा अशीच दिसेल. 80 रुपये घेतले. तीन महिने झाले, एक टाका हललेला नाही. नवी स्लेज आली की पहिल्याच दिवशी पट्टा असा शिवून घ्या, पडायची वाट पाहू नका.

दोरीबद्दलही राग आहे. सोबत आलेली दोरी दोन मीटरची. कंबर जमिनीपासून साधारण एक मीटर वर, म्हणजे ओढ तिरकी जाते आणि तिचा बराच भाग स्लेजला पुढून उचलण्यात खर्च होतो. कमी वजनावर स्लेजचं नाक उडायचं, प्रत्येक पावलाला कमरेला हिसका बसायचा. मी पाच मीटरची न ताणणारी दोरी लावली. कोन 27 अंशांवरून 10-11 वर आला आणि हिसके जवळजवळ बंद झाले. खर्च 150 रुपये.

आता मुख्य गोष्ट. जानेवारी संपेपर्यंत मी ग्राउंडवरच्या पोरांना सांगत होतो की घेऊ नका, टायर फुकट मिळतो, तोच ओढा. कारण दोन महिन्यांत माझ्या वेळेत काहीच फरक नव्हता. ते मत मी मागे घेतो. चूक माझ्या वजन ठरवण्याच्या पद्धतीत होती.

स्लेजसोबतच्या पत्रकात लिहिलंय की शरीराच्या वजनाच्या 10 टक्के भार लावा. माझं वजन 68, म्हणून मी 7 किलो लावत होतो. पण घर्षण जमिनीप्रमाणे बदलतं. मानकापूरच्या बाजूला दव पडलेल्या गवतावर तेच 7 किलो मागे आहेत हे जाणवतही नव्हतं, आणि रेशीमबागच्या कोरड्या मुरमावर पाय अडकल्यासारखे व्हायचे. त्यामुळे किलोचा आकडा एकटा काही सांगत नाही. वजन वेळेवरून ठरवायचं. आधी मोकळे 20 मीटर पळून मोबाईलच्या स्लो-मोशन व्हिडिओवर वेळ काढली, 3.30 सेकंद. मग हलक्या दिवशी वेळ 10 टक्क्यांच्या आसपास वाढेल इतकंच वजन, म्हणजे धावण्याची ढब बिघडत नाही. जड दिवशी वेग जवळजवळ निम्म्यावर येईल इतकं. त्या टप्प्यावर जोर आणि वेग यांचा गुणाकार, म्हणजे पॉवर, सर्वांत जास्त निघते. 2017 मध्ये क्रीडाशास्त्रज्ञ झां-बेनोआ मोरां आणि सहकाऱ्यांनी हौशी फुटबॉलपटूंना शरीराच्या वजनाच्या 80 टक्के भार ओढायला लावला होता. मुरमावर मला इतकं लागलंच नाही, 40 किलोत काम झालं.

टायर इथंच कमी पडतो. भंगारवाल्याच्या काट्यावर माझा टायर साडेसहा किलो भरला. त्यावर वजन नीट बसत नाही, गवतावर उड्या मारतो, आणि आज कालपेक्षा जास्त ओढलं की कमी हे कळत नाही. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी टायर जरूर ओढावा, मी वर्षभर तोच ओढला आहे. फक्त आत वाळूची पिशवी घट्ट बांधा आणि दोरी लांब घ्या.

आठवड्यातून दोनदा, 15 ते 20 मीटरच्या सहा फेऱ्या, मध्ये पूर्ण तीन मिनिटं विश्रांती. ही विश्रांती आमच्याकडे कुणी घेत नाही, धाप लागली म्हणजे मेहनत झाली असं समजतात. धाप लागलेल्या पायांनी वेग शिकता येत नाही. सुरुवातीला पोटऱ्या फार दुखल्या, म्हणून पहिले दोन आठवडे हलकंच ठेवा. एप्रिलपासून साडेसहाच्या आत सगळं आटोपावं लागतं, नंतर ऊन चढत जातं.

मेअखेरीस 20 मीटर 3.14 आणि 100 मीटर 13.1 वरून 12.6. म्हणजे शंभरातल्या अर्ध्या सेकंदापैकी 0.16 सेकंद पहिल्या 20 मीटरमध्येच वाचले. याच काळात स्क्वॉटही चालू होते, त्यामुळे सगळं श्रेय स्लेजला देत नाही. पण भरतीत 100 मीटरला 15 गुण आहेत, आणि माझी सुरुवातच कच्ची होती.

आता पाऊस पडला की काळ्या मातीत ही चालणार नाही, पात्यांना चिखलाचे गोळे चिकटतात. सांगाड्याला तेल लावून माळ्यावर ठेवली आहे. पट्टा वेगळा काढून दाराच्या खिळ्याला टांगलाय, उंदरांपासून लांब.